गळक्या पाटाचा मिस्त्री

सेनोबियो मिस्त्रीच्या हातचं काही गळत नाही, हे चौकामार्का गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला मिस्त्री स्वतः सांगायचा, न विचारता. शाळेची टाकी त्याची, चर्चचं छप्पर त्याचं, चौकातला हौद त्याचा. एकदा ऐन पावसात, फादर वेदीसमोर उभे राहून पापांची यादी वाचत असताना, मिस्त्रीनं मधल्या बाकावरून छपराकडे बोट केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बघा फादर, एक थेंब नाही!" फादर भला माणूस. त्यांनी वर बघितलं, मान डोलावली आणि पुढचं पाप वाचलं.

ही विद्या तो लिमाहून घेऊन आला होता. सतराव्या वर्षी डोंगर उतरून गेला, एकतिसाव्या वर्षी परत चढून आला. आता लिमा म्हणजे असं शहर, की तिथं पाऊस पडतच नाही. समुद्र गार, त्याच्यावरून धुकं येतं आणि सहा महिने ओल्या गोधडीसारखं शहरावर पडून राहतं, पण थेंब म्हणून देत नाही. तिथल्या छपरांना गळायचं कारणच नाही. पण जिथं पाऊस नाही तिथं टाकी म्हणजे जीव. मिस्त्रीनं चौदा वर्षं नुसत्या टाक्या बांधल्या. टाकी गळली की मुकादम आईबहिणीवरून शिव्या द्यायचा. त्यातून त्याच्या मनात एक गोष्ट पक्की बसली: गळणं म्हणजे लाज. परत आला तेव्हा पिशवीत थापी होती, ओळंबा होता आणि अंगात हा गर्व होता.

आल्या वर्षी त्यानं मेल्चोराशी लग्न केलं. मेल्चोराकडे आईकडून आलेल्या सात पायऱ्यांची शेतं होती, आणि त्यांच्या डोक्यावर उर्पाय नावाचा झरा. मांडीएवढी धार, भर उन्हाळ्यात सुद्धा. गावातली टवाळ माणसं म्हणायची, "मिस्त्रीनं बायको नाही केली, झरा केला!" मेल्चोरा ऐकायची आणि म्हणायची, "झऱ्याला निदान बोलता येत नाही, मला येतं. त्याला कळेल हळूहळू." आणि कळलं. तिच्या तोंडाला लागायची गावात कुणाची टाप नव्हती. पण हाताला गोडी अशी, की तिचं चीज खाली खोऱ्यातल्या बाजारात टोपलीतून उतरायच्या आधी संपायचं. तीन गाई, झऱ्याखाली हिरवागार घास, आणि गाईंना नावं अशी, की जणू राजवाड्यातल्या बाया. थोरलीचं नाव कोंदेसा.

आता वरच्या पाटाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच घडलं. म्हणजे रामायण तुमचं, पण भांडणं इथली.

आमच्या डोंगराच्या या उतारावर पाऊस येतो तो पलीकडून. तिकडे पूर्वेला ते अफाट जंगल, तिथून ढग निघतात, बर्फाची शिखरं चढतात आणि इकडे उतरेपर्यंत दमून गेलेले असतात. डिसेंबर ते मार्च जे काय पडेल ते पडेल. पुढचे आठ महिने आभाळ निळंशार, नुसतं बघत बसावं. नद्यांनाही घाई, डोंगर इतका उभा की पावसाचं पाणी दोन दिवसांत समुद्राला जाऊन मिळतं. म्हणून आमच्या कुणा पूर्वजानं वरच्या ओढ्यातून एक पाट काढला. कुणी काढला, कधी काढला, कुणाला माहीत नाही. तो पाट डोंगराच्या खांद्यावरून आडवा जातो, आणि मूळचा तो नुसता दगडांचा होता, जागोजागी गळका. पावसात त्यात पाणी सोडायचं, ते वाटेत मुरायचं, दिसेनासं व्हायचं. म्हातारी माणसं म्हणायची, पाणी पेरलं. कशाला पेरलं आणि कुठे उगवतं, हे कुणी विचारायचं नाही. आपली पद्धत आहे म्हणून दर ऑक्टोबरात पाट साफ करायचा, चिचा म्हणजे मक्याची दारू प्यायची, गाणी म्हणायची आणि घरी यायचं.

मिस्त्री गावाचा अध्यक्ष झाला आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यानं त्या पाटावरून फेरी मारली. त्याच्या डोळ्यांना काय दिसलं असेल! पाणी इकडून गळतंय, तिकडून गळतंय, वरून घातलेल्या दहा बादल्यांतली एक पुढे पोचत नाही. त्याला रात्रभर झोप लागली नाही. कुठनं कुठनं खटपट करून त्यानं सिमेंट मिळवलं, गाढवांवर लादून वर नेलं आणि मोजून आठशे पावलांचा पाट आतून गुळगुळीत केला. शेवटाला एक मोठं तळं बांधलं. उद्घाटनाला बँड वाजला. शेवटच्या चाळीस पावलांच्या, म्हणजे मेल्चोराच्या घराच्या वाट्याच्या तुकड्याच्या, तोंडाशी मिस्त्रीनं ओल्या सिमेंटात काडीनं स्वतःचं नाव कोरलं.

आज गावात ज्याला त्याला विचारा, तो सांगेल, "मी तेव्हाच म्हटलं होतं, असं करू नका." साफ खोटं! कुणीही काही म्हटलं नव्हतं. सगळ्यांनी टोप्या उडवल्या होत्या. आणि टोप्या उडवायला कारणही तसंच होतं. ऑक्टोबरच्या सफाईला, ज्याला आम्ही चाम्पेरिया म्हणतो, प्रत्येक घराला पाटाचा आपापला तुकडा नेमून दिलेला असतो. गवत उपटायचं, गाळ काढायचा, दगड बसवायचे, कंबर मोडते. सिमेंट झाल्यावर त्या आठशे पावलांत काम उरलं नाही. एक झाडू मारला की झालं. मग लोक तिथंच बूड टेकून कोकाची पानं चघळत बसायला लागले. मिस्त्रीचं नाव घेऊन पेला उचलायचे. असं सुख कुणाला नको?

पहिली तीन-चार वर्षं पाऊसही बरा झाला. मग उर्पायची धार मांडीएवढी होती ती मनगटाएवढी झाली. मग अंगठ्याएवढी. लोकांनी कारणं शोधली. कुणी म्हणालं, झऱ्यावरचा बेडूक पोरांनी मारला त्याचा शाप. कुणी म्हणालं, वरच्या बर्फाची टोपी आक्रसली. मिस्त्रीनं आपलं डोकं लढवलं आणि बोट दाखवलं झऱ्याशेजारच्या निलगिरीच्या झाडांकडे. ती झाडं एफ्राइनची. एफ्राइन म्हणजे मिस्त्रीचा कोम्पाद्रे, त्याच्या लेकीचा, नेलिदाचा, धर्मपिता. दोघं एका ताटात जेवलेले. तरीही मिस्त्रीनं सभेत उभं राहून निलगिरी किती पाणी पिते यावर तासभर भाषण ठोकलं, आणि गावानं एफ्राइनला त्याची अकराच्या अकरा झाडं तोडायला लावली. एफ्राइननं तोडली. वर्षभर मिस्त्रीच्या घरी पाऊल टाकलं नाही, मग टाकलं, पण झाडांचा विषय निघाला की त्याचा जबडा घट्ट व्हायचा. धार मात्र वाढली नाही. करंगळीएवढी झाली, आणि एके वर्षी बंद.

मग मेल्चोराच्या नशिबी आले डबे. खालच्या ओढ्यावरून गाढवीच्या पाठीवर पाणी आणायचं, दिवसाला चार खेपा. तीन गाई काय चिमणीएवढं पाणी पितात होय! तिचे गुडघे सुजायचे. ती तव्यावर मीठ शेकायची, गुडघ्याला लावायची आणि दुसऱ्या दिवशी परत निघायची. मिस्त्री मदत करायचा, पण त्याचंही वय झालेलं. लिमाला स्थायिक झालेली नेलिदा तिथून म्हणायची, "आई, ये इकडे. खोली आहे." मेल्चोरा म्हणायची, "तुझ्याकडे पाणी टँकरनं येतं. माझ्या गाई काय टँकरकडे बघत बसतील?"

तीन वर्षांमागे भूकंप झाला. मोठा नाही, आमच्याकडे होतात तसा. कौलं सरकली, कुत्री भुंकली. पावसाळ्यात मिस्त्री पाटावर गेला तर त्याच्या नावापासून पाच-सहा पावलांवर सिमेंटला तळहाताएवढी फट, आणि पाणी तिच्यातून गुडूप गुडूप करत खाली चाललेलं. मिस्त्री लाजेनं अर्धा झाला. कुणाला दिसू नये म्हणून त्यानं फटीवर दगड रचले. वाहत्या पाण्यात सिमेंट लागत नाही, तेव्हा कोरड्या महिन्यांची वाट बघणं आलं.

त्या जूनमध्ये उर्पायच्या तोंडाशी जमीन ओली झाली. धार नाही, नुसती ओल, पण तिच्यावर झऱ्याकाठी उगवतो तो तिखट पाला उगवला. मेल्चोरानं तो खुडून बटाट्याच्या सूपात घातला आणि इतकी खूश झाली की जेवताना गाणं म्हटलं. मिस्त्री दोन वाडगे सूप प्याला. जुलैत तो वर गेला आणि फट लिंपून टाकली, झक्क, हात फिरवला तर सांधा लागणार नाही अशी.

पुढच्या वर्षी ओल आली नाही.

इथं मिस्त्रीच्या डोक्यात पहिल्यांदा किडा वळवळला. तो ऑक्टोबरात आपल्याच सिमेंटवर बसला होता, लोक त्याच्या नावानं पेले उचलत होते, आणि त्याच्या गालातली कोकाची पानं कडू झाली. चोराच्या मनात चांदणं! जानेवारीत, शेळी हरवली असं सांगून, तो छिन्नी घेऊन वर गेला आणि स्वतः लिंपलेली फट स्वतः फोडली. घरी येऊन गप्प बसला. फेब्रुवारी गेला, मार्च गेला, एप्रिल गेला. जूनमध्ये उर्पायवर ओल आली. पाला आला.

मिस्त्री त्या ओलीत उकिडवा बसला आणि त्याला सगळं कळलं. वर जे गळत होतं तेच खाली उगवत होतं. डोंगर पावसाचं पाणी पोटात धरायचा आणि उन्हाळ्यात सावकाश सोडायचा. आठ महिने कोरड्या पडणाऱ्या या उतारावर माणसं जगली ती त्या गळतीवर. आणि त्यानं, थापी घेऊन, हसत हसत, बँड लावून, डोंगराचं तोंड बंद केलं होतं. बायकोचा झरा त्यानंच बुजवला होता. वर कोम्पाद्रेची अकरा झाडं!

तरी तो बोलला नसता. एवढा गर्व असा एका दिवसात उतरत नाही. पण त्याच संध्याकाळी मेल्चोरा चुलीशी बसून म्हणाली, "मिस्त्री, हा झरा मला खेळवतोय. एक वर्ष ओल दाखवतो, एक वर्ष दाखवत नाही. मी आता थकले. पुढच्या जूनमधल्या सान हुआनच्या सणापर्यंत वाट बघते. धार आली तर आली. नाही तर गाई एफ्राइनला अर्धलीनं देते आणि मी नेलिदाकडे जाते. तू ये नाही तर राहा."

ती नुसतं बोलणारी बाई नव्हती.  छत्तीस वर्षं संसार झालेला. तिच्याशिवाय या घरात त्यानं एक अंडंसुद्धा उकडलं नव्हतं, आणि अंड्याची गोष्ट सोडा, तिच्या शिव्यांशिवाय त्याला सकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोंदेसाचं दूध काढत होती. मिस्त्री गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा राहिला आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. सिमेंट, फट, लिंपण, छिन्नी. एका दमात. दुधाची धार थांबली. मेल्चोरानं वळूनही बघितलं नाही. ती गाईला म्हणाली,

"कोंदेसा, या माणसाला विचार, सिमेंट घातल्यापासून एकोणीस वर्षं झोपला होता का?"

"मेल्चोरा, मला काय माहीत होतं..."

"कोंदेसा, याला सांग, चार खेपा दिवसाला. वर्षाच्या किती होतात ते याच्या ओळंब्याला विचार म्हणावं."

"अगं, मी चांगलं करायला गेलो."

"याला सांग, चांगलं करायला गेलेल्या माणसापासून देवानं वाचवावं. वाईट करणारा निदान घाईत असतो."

त्या दिवसापासून ती मिस्त्रीशी जे बोलायची ते गाईमार्फत. जेवण वाढायची, कपडे धुवायची, पण "मीठ हवंय का" हे सुद्धा गोठ्यात जाऊन गाईला विचारायची आणि मिस्त्रीनं अंगणातून ओरडून उत्तर द्यायचं. गावाला फुकटचा तमाशा. मिस्त्री मुकाट सोसायचा. खरं सांगायचं तर त्याला बरंच वाटत होतं. ती एकदम गप्प झाली असती तर तो मेलाच असता.

ऑक्टोबर आला. चाम्पेरियाच्या दिवशी सकाळी सगळं गाव फावडी-कुदळी घेऊन पाटाच्या तोंडाशी जमलं. त्या वर्षी पाटाचा मुखिया होता एफ्राइन. हातात काठी, कमरेला चामड्याचा चाबूक. ज्याचा तुकडा सूर्य मावळेपर्यंत झाला नाही त्याला तीन फटके, हा नियम. हजेरी झाली आणि मिस्त्री पुढे आला. हातात मोठा घण. टोपी काढून त्यानं सांगितलं, की सिमेंट फोडायला हवं, आणि का ते सांगितलं. निलगिरीचंही सांगितलं. एफ्राइनच्या डोळ्याला डोळा देऊन.

 सगळे एकदम बोलायला लागले.

"म्हणजे आठशे पावलं परत आम्ही खणायची? मिस्त्री, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आणि तळं? तळं कसं भरणार?"

"पावसात भरून काय करतोस तळ्याचं?" मिस्त्री म्हणाला. "पावसात पाणी कुणाला हवंय? जूनमध्ये त्यात बेडूक तरी असतो का?"

"आम्हाला बसायला जागा ती एकच आहे!" मागून एक जण ओरडला, आणि निदान तो तरी खरं बोलला.

एफ्राइन काठीवर हनुवटी टेकून ऐकत होता. त्याचा जबडा घट्ट झालेला. "कोम्पाद्रे," तो म्हणाला, "माझी अकरा झाडं तोडताना तू जेवढं बोललास त्याच्या निम्मंही आज बोलला नाहीस."

"बोलून झालंय माझं, कोम्पाद्रे. आयुष्यभराचं."

हात वर झाले. सिमेंट ठेवायचं, असं ठरलं. मिस्त्रीच्या बाजूनं दोन हात. एक त्याचा, आणि एक बहिऱ्या आजोबांचा, ते नेहमीच वर करतात.

मिस्त्रीनं टोपी घातली. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण आपला तुकडा ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं साफ करावा, पाणी पुढे गेलं की झालं, हा रिवाज आहे की नाही, मुखिया?"

"आहे," एफ्राइन म्हणाला.

"मग शेवटची चाळीस पावलं मेल्चोराच्या घराची आहेत. ती मी साफ करतो."

आणि त्यानं घण उचलला. सत्तरीला दोन कमी असं वय. पहिला घाव बसला तो त्याच्या नावावर. लोक हसले. "अरे, नाव तरी ठेव!" कुणीतरी ओरडलं. मिस्त्री म्हणाला, "नावाला कोण पितंय?" आणि पुढचा घाव घातला. पण बाबांनो, मिस्त्रीनं बांधलेलं सिमेंट ते! फुटता फुटेना. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं स्वतःच्या कामाला शिव्या घातल्या, "कुठल्या गाढवानं एवढं पक्कं केलंय हे!" आणि लोकांना हसता हसता ठसका लागला. दुपारपर्यंत पंधरा पावलं झाली. हाताला फोड आले, फुटले.

जेवणाच्या वेळेला बायका टोपल्या घेऊन वर आल्या. भाजलेला मका, उकडलेले बटाटे, चीज. मेल्चोरा आली, तिनं मिस्त्रीपुढे फडकं पसरलं, वाढलं, आणि थोड्या अंतरावर बसून त्या फुटक्या पाटाकडे बघत राहिली. बोलली नाही, गाय घरी होती. मिस्त्री परत घण उचलायला उठला तेव्हा तीही उठली, शालीची झोळी केली, आणि सिमेंटचे तुकडे त्यात भरून कडेला नेऊन टाकायला लागली. सुजलेल्या गुडघ्यांनी, एक एक खेप. मिस्त्रीनं बघितलं, पण घण थांबवला नाही, कारण थांबला असता तर परत उचलता आला नसता.

सूर्य मावळला तेव्हा चार पावलं राहिली होती.

एफ्राइन मोजत आला. "अपुरं आहे," तो म्हणाला. मिस्त्रीनं न सांगता टोपी काढली आणि वाकून उभा राहिला. हे फटके नावाचेच असतात, पाठीवर चाबूक टेकवायचा, सगळ्यांनी हसायचं, असं दरसालचं. एफ्राइननं टेकवला नाही, मारला. सट्‍ करून आवाज आला. दुसरा. तिसरा. कुणी हसलं नाही.

"हे झाडांचे," एफ्राइन म्हणाला.

"बरोबर आहे," मिस्त्री म्हणाला.

"आण तो घण इकडे." आणि एफ्राइननं चाबूक कमरेला खोचला, हातावर थुंकला, आणि उरलेली चार पावलं फोडून काढली. मग दोघं एकाच भांड्यातून चिचा प्यायले. त्या दिवसापासून निलगिरीचा विषय निघाला की एफ्राइनचा जबडा सैल असायचा.

पाऊस आला, ना फार ना थोडका. पाटातलं पाणी त्या चाळीस पावलांत शिरायचं आणि पुढे निम्मं निघायचं. तळं अर्धवट राहिलं. लोक कुरकुरले. मिस्त्री रोज उर्पायवर जाऊन यायचा. मार्च, एप्रिल, मे. माती कोरडी ठणठणीत. ती जुनी ओल सुद्धा नाही! फटीतून पाणी एका वाटेनं जात होतं, आता चाळीस पावलांत पसरलं होतं. डोंगराच्या पोटात कुठल्या बोळात हिंडत होतं देव जाणे. मिस्त्री झऱ्याच्या दगडाला कान लावून बसायचा. काही नाही.

सान हुआनचा सण आला आणि गेला. झरा कोरडा.

मेल्चोरानं शब्द पाळला. गाई एफ्राइनच्या गोठ्यात बांधल्या, बोचकं बांधलं. गुरुवारच्या गाडीला मिस्त्रीनं तिचं बोचकं खांद्यावर घेतलं आणि दोघं रस्त्यापर्यंत उतरली. तो "जाऊ नकोस" म्हणाला नाही. कुठल्या तोंडानं म्हणणार? गाडीच्या पायरीवर चढून ती वळली आणि वर्षभरात पहिल्यांदा सरळ त्याच्याशी बोलली.

"मिस्त्री, तुझ्यावर राग नाही आता. या गुडघ्यांवर आहे. तू का येत नाहीस?"

"येतो. थोडे दिवस बघतो आणि येतो."

"काय बघणार आहेस?"

त्यानं बोचकं तिच्या हातात दिलं. गाडी गेली. घरी येऊन त्यानं चूल पेटवली, बटाटे करपवले, आणि करपलेलेच खाल्ले.

पुढच्या बुधवारी सकाळी तो सवयीनं उर्पायवर गेला. दगडाखालची माती काळी दिसली. त्यानं बोट लावलं तर बोट आत गेलं. त्यानं हातानं माती उकरली, वीतभर, आणि खालून पाणी आलं. आधी गढूळ, बुडबुडे काढत, जणू कुणीतरी दमून आलंय आणि आता टेकतंय. मग नितळलं. मग दगडाच्या फटीतून खरी धार सुटली, बारीक, पण सुटली, आणि पहिल्या पायरीच्या शेतात जायला लागली. मिस्त्री चिखलात बसून लहान पोरासारखा रडला आणि हसला. बघायला कोणी नव्हतं, म्हणून जरा जास्तच रडला.

नेलिदाला फोन करायचा तर वरच्या खिंडीत जावं लागतं, तिथं कधी आवाज पोचतो, कधी नाही. मिस्त्रीनं फोन केला नाही. त्यानं एक प्लास्टिकची बाटली धारेखाली धरली, काठोकाठ भरली आणि गुरुवारची गाडी पकडली.

नेलिदाचं घर शहराच्या टोकाला, वाळूच्या टेकडीवर. झाड नाही, गवत नाही, धुकं खाली उतरलेलं, दारात निळं पिंप. मेल्चोरा त्या पिंपातून पातेलं भरत होती, थेंब सांडू नये म्हणून जपून. मिस्त्रीला बघून ती म्हणाली, "आलास? चपला बाहेर काढ. मुक्काम किती?"

मिस्त्रीनं बाटली टेबलावर ठेवली. मेल्चोरानं बाटलीकडे बघितलं. मग त्याच्याकडे बघितलं. मग हात पुसले, झाकण काढलं, पेल्यात ओतलं आणि प्यायली. थोडं पाणी तिनं तोंडात तसंच धरून ठेवलं. मिस्त्रीला तिच्या गळ्याकडे बघवेना. तिनं गिळलं आणि डोळे मिटले. तिला ते पाणी ओळखू आलं होतं, शेजारच्या खोलीतून आपल्या माणसाचा खोकला ओळखू येतो तसं.

"ही बाटली भरायला किती वेळ लागला?" तिनं विचारलं.

"प्रभूची प्रार्थना म्हणत होतो. अख्खी म्हणून झाली तेव्हा भरली."

"माझ्या आईच्या वेळी त्यातलं पहिलं 'हे आमच्या बापा' म्हणेपर्यंत भरायची."

मिस्त्रीचा चेहरा पडला. "सध्या एवढीच आहे गं."

"मग सातशे साठ पावलं फोडायची राहिली आहेत की अजून," मेल्चोरा म्हणाली, आणि पातेल्यातलं पाणी परत पिंपात ओतत तिनं आतल्या खोलीकडे हाक मारली, "नेलिदा, माझं बोचकं कुठे ठेवलंस? आणि परतीची गाडी कितीला असते गं?"